दोन लिटर ओल

रविवारी सकाळी सव्वासातला वॉल्डेमारचा निरोप:
"किटली घे. ऐंशी अंशांवर आपोआप बंद होणारी.
येर्बाचं पाणी उकळू देऊ नये, हे तुला सांगायला नको.
निळी घेऊ नकोस. निळीचं झाकण महिन्याभरात ढिलं पडतं."
बस्स.
ना कशी आहेस, ना काय चाललंय.

अकरा वर्षं झाली आम्हाला वेगळं होऊन.
तो मोन्तेविदेओत, पाण्याकडच्या त्याच तळमजल्यावर,
मी इथं पायसान्दूला, बहिणीच्या मागच्या दोन खोल्यांत.
वाटणीत मला शिलाई मशीन मिळालं, त्याला भिंती.
भिंती म्हणजे ओल.
त्या घरात मीठ कधी बरणीतून सुटं पडलं नाही.
कोटांच्या खांद्यांवर हिरवट बुरशी धरायची
आणि आम्ही एकमेकांना विचारायचो
खिडकी कुणी उघडी टाकली.

खरं सांगायचं तर पहिली शिफारस माझी.
वकिलाकडे सह्या झाल्या, वर चार महिने गेले,
मग राहवेना. लिहिलं:
"हवेतली ओल शोषणारं यंत्र मिळतं. मधल्या आकाराचं घे.
मोठं घेशील तर विजेचं बिल बघून बसशील."
तिसऱ्या दिवशी उत्तर:
"घेतलं. एका रात्रीत दोन लिटर."
सोबत फोटो, काठोकाठ भरलेल्या टाकीचा.
मी बराच वेळ बघत राहिले.
एवढं पाणी होतं आमच्या हवेत
आणि आम्ही घसा कोरडा पडेस्तोवर भांडत होतो.

तेव्हापासून हे चालू आहे.
संगमरवरावर व्हिनेगर टाकू नकोस, मी.
मोज्यात मांजराची वाळू भर, गाठ मार, कपाटात टांग, मीच.
गोळ्या घरी आणून देणारं ॲप आहे, तो,
पण पत्ता दोनदा तपास, माझ्या गोळ्या वरच्या दंतवैद्यानं घेतल्या.
एकदा त्यानं सुचवलेली फिरती बादली
पहिल्याच दिवशी तळातून गळली.
मी दोन पानं भरून त्याचा उद्धार केला.
उत्तर आलं: "राग पोचला. वेळेत, न फुटता."

ओदिला हसते.
म्हणते, नवरा सोडलास की दुकान काढलंस?

मागच्या हिवाळ्यात एक छोटं पाकीट आलं.
सुईत दोरा ओवायचं यंत्र, काडेपेटीएवढं.
चिठ्ठीत फक्त: "दोन रंगांचे दोरे वापरून पाहिले. चालतं."
डोळ्यांचं मी त्याला काही बोलले नव्हते.
लेकीलाही नाही.
तिनं मला सुई दिव्याजवळ धरताना पाहिलं असेल.
किंवा त्यालाच आठवत असेल, माझी आई या वयात कशी शिवायची.

मग सहा आठवडे काहीच नाही.
मी झाडूंच्या किमती बघत बसायचे, रात्री,
नको असलेल्या झाडूंच्या.
नंतर कळलं, पाय घसरला होता, खुबा वाचला.
कळलं तेही लेकीकडून.
मी लिहिलं: "न्हाणीत धरायला दांडी बसवून घे.
स्क्रूची. चिकटवायची नको, ती दगा देते."
संध्याकाळी उत्तर: "बसवली. दोन बसवल्या."

एकटा माणूस.
दोन कशाला, ते मी विचारलं नाही.
तीन दिवस मात्र शिवण उलटी पडत राहिली,
उसवून उसवून कापडाला भोकं.

तर किटली.
आज दुपारी मागवली.
निळीच.
महिन्याभरात झाकण ढिलं पडेल,
मग कळवीन त्याला.